अगस्त्याची पिवळी झाक

अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाबांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा त्यांनी आधी भिंत पाहिली, मग पंखा, मग आईची साडी, आणि मग मला विचारलं, "तुही ते ताऱ्याची वही हाये काय व अजून?"

"वही कायची आता?" आई म्हणाली. "मी दिसून राहिली का नाई, थे सांगा."

"दिसून राहिली. साडी भल्ली भडक हाये."

आई रुसली आणि लगेच हसली. मी मात्र वहीपाशीच अडकून राहिले. ती होती. अमरावतीला माझ्या कपाटात, खालच्या खणात, तपकिरी कागदाच्या कव्हरात. अजूनही उघडली की तिला सरकीचा तेलकट वास येतो. इतक्या वर्षांत तीन घरं बदलली, तो वास काही गेला नाही.

मी अमरावतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा 'ताऱ्यांची ओळख' नावाचा एक छोटा अभ्यासक्रम निघाला होता. कुठल्याही शाखेच्या मुलामुलींना घेता यायचा. मी तो का घेतला, हे आता कितीही आठवलं तरी आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ताऱ्यांचा तास दुपारी दोन वाजता असायचा. बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन, आणि आत आम्ही खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवून आकाश तयार करत बसलेलो. कोपऱ्यातला कूलर वाळ्याचा ओला वास सोडत खडखडायचा. डब्यातल्या लोणच्याचा वास आणि कुणीतरी नुकत्याच खाल्लेल्या, दह्यात भिजवलेल्या गिल्या वड्याचा वास, दोन्ही त्यात मिसळायचे. मला आजही कुठे ओल्या वाळ्याचा वास आला की आधी व्याध आठवतो, उन्हाळा नंतर.

शिकवायला वानखडे मॅडम होत्या. रोज अकोल्याहून ये-जा करायच्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेला लोलक. त्या पहिल्याच दिवशी टेबलावर एक साधा बल्ब ठेवून त्याचं बटण हळूहळू फिरवत गेल्या. तार आधी चुलीतल्या निखाऱ्यासारखी तांबडी झाली, मग नारिंगी, मग पिवळी, मग पांढरी. "तारा आपल्याशी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तो नुसता रंग दाखवतो. बाकीचं आपण ओळखायचं. सगळ्यात लाल तो सगळ्यात थंड, आणि निळसर पांढरा तो सगळ्यात तापलेला."

वर्गात एकदम गलका झाला. लाल म्हणजे थंड? आमच्या वऱ्हाडात, जिथे मे महिन्यात नळाच्या पाण्याने हात भाजतो, तिथे हे कोण मान्य करणार! मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, मंग मिरची थंड म्हना." मॅडम इतक्या हसल्या की त्यांना बल्ब बंद करावा लागला.

प्रात्यक्षिक म्हणून प्रत्येकाला बारा तारे पाहायचे होते. होस्टेलचं फाटक दिवेलागणीला बंद व्हायचं, म्हणून मॅडमनी तोडगा काढला: शनिवारी घरी जा, आपापल्या गच्चीवरून पाहा, वहीत नोंदवा. तारीख, वेळ, दिशा, रंग, आणि शेवटच्या रकान्यात घरातल्या एका मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही. मॅडमना वाटलं असेल, सहीची काय अडचण? त्यांना माझे बाबा ठाऊक नव्हते.

बाबा अकोटच्या एका जिनात ग्रेडर होते. आमचं घर जिनाच्या भिंतीला लागूनच. जिनात कापसातली सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात. त्या रुईची प्रत ठरवणं हे बाबांचं काम. सकाळी, ऊन अंगावर येण्याआधी, सावलीतल्या उजेडात ते चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे, पुन्हा जुळवायचे, पुन्हा ओढायचे. मग ती काळ्या कापडाच्या पट्टीवर ठेवून मान किंचित तिरकी करायचे. पांढरी शुभ्र, राखाडी, पिवळी झाक, किडीने डागाळून कवडी लागलेली. त्यांना जे दिसायचं ते मला पाच मिनिटं बघूनही दिसायचं नाही. कधी दोन ग्रेडर असले, तर दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, म्हणजे एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा डोळा फिरत नाही. आणि सगळ्यांवर एक नियम: न पाहिलेल्या गाठीवर सही नाही. मालक समोर उभा असला तरी नाही.

पहिली नोंद मी रोहिणीची केली आणि खाली येऊन वही त्यांच्यापुढे धरली.

"सही करा बाबा."

"कायची?"

"तारा पाह्यला म्हून."

"तू पाह्यला. म्या कुठी पाह्यला?" त्यांनी वही परत दिली, चप्पल सरकवली आणि जिना चढायला लागले.

असे ते बारा शनिवार सुरू झाले. अमरावतीहून दुपारची एस.टी. पकडायची. अंजनगाव आलं की खिडकीतून पानमळ्यांचा गारवा आत यायचा, मग अकोट, आणि स्टँडवर उतरल्याबरोबर नाकात रुईची धूळ. हंगामात आमच्या गावावर सगळीकडे एक पांढरी बारीक लव बसायची. तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आईच्या भुवयांवरसुद्धा. जिनाची घरघर दिवसभर चालायची, तिच्याकडे आमचं लक्षच नसायचं. दिवेलागण झाली की बाबा मफलर गुंडाळून गच्चीवर तयार. आई भाजलेल्या शेंगा घेऊन वर यायची आणि 'मले काई समजत नाई' म्हणत सगळ्यात जास्त वेळ थांबायची. कृत्तिका तिनेच आधी ओळखल्या. "हे पाहा, सरकी सांडली," ती म्हणाली, आणि आमच्या घरी कृत्तिकांचं नाव सांडलेली सरकी पडलं ते कायमचं.

बाबा ताऱ्यांकडे अगदी रुईसारखे बघायचे. मान तिरकी, एक भुवई वर. व्याध पाहून म्हणाले, "हा पयल्या वेचनीचा माल. याच्यात काई खोट नाई." राजन्याला म्हणाले, "हा बी तसाच, पन निळ दिलेला." रोहिणीला कवडी लागलेली होती. आणि काक्षी, मृगाच्या खांद्यावरचा तो तांबूस तारा, त्याच्याकडे बराच वेळ बघून त्यांनी निकाल दिला, "फरदड."

मी गंमत म्हणून शेऱ्याच्या जागी ते सगळं तसंच्या तसं लिहिलं. पुढच्या आठवड्यात मॅडमनी वही चाळली आणि भर वर्गात विचारलं, "काक्षीपुढे फरदड हे काय लिहिलंय?" मी गोंधळून सांगितलं की मुख्य वेचण्या झाल्यावर पराटी, म्हणजे कापसाची झाडं, शेतात तशीच ठेवून पाणी दिलं, की शेवटी जो उरलासुरला कापूस येतो त्याला फरदड म्हणतात. वर्ग खिदळला. अर्ध्याअधिक मुलांच्या शेतात फरदड होती, त्यांना ते सांगायची गरजच नव्हती. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर काक्षीचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. हा तारा म्हातारा आहे. याचा मुख्य हंगाम संपला, आता शेवटचं पीक चाललंय. तुझ्या बाबांना कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं असणार! शनिवारी मी हे घरी सांगितलं. त्या संध्याकाळी बाबा माझ्याआधी गच्चीवर गेले.

अकरा तारे झाले. अकरा निळ्या सह्या झाल्या. बाराव्यापाशी, म्हणजे अगस्त्यापाशी घोडं अडलं.

अगस्त्य दक्षिणेला, खाली क्षितिजाजवळ दिसतो, आणि आमच्या गच्चीच्या दक्षिणेला जिनाचं उंच पत्र्याचं गोदाम. वही द्यायला आठवडा उरला होता. मी सरळ पुस्तक उघडलं आणि शाईने लिहून टाकलं: अगस्त्य, दक्षिण, शुभ्र पांढरा.

बाबांनी वही हातात घेतली आणि विचारलं, "कुठून पाह्यला?"

मी हळूच पुस्तक मिटलं.

"चाल," ते म्हणाले.

गोदामाच्या पलीकडे जिनाच्या आवारात कापसाची गंजी होती, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. जिनाचे मिस्त्री रहीमभाई तिथेच होते. बाबांनी त्यांना सांगितलं की पोरीला तारा दाखवायचा आहे, आणि त्यांनी असं काही तोंड केलं की जणू रोजच लोक याच कामासाठी येतात. आम्ही चढलो. कापसावर चढणं म्हणजे दोन पावलं वर आणि एक पाऊल आत. मांडीपर्यंत रुतायचं, हसत हसत पाय उपसायचा. कापूस दिवसभराच्या उन्हाने आतून कोमट होता आणि त्याला मातीचा, पाल्याचा आणि घामाचा वास होता. वर पोचलो आणि तेवढ्यात लाइन गेली.

जन्मभर ऐकलेली घरघर एकदम थांबली. मला माझ्याच कानांचा आवाज ऐकू यायला लागला. आवारातले दिवे गेले, गाव गेलं, आणि समोर काळ्या सपाट रानावर, धुळीच्या थरात, एकटा तो.

"अरे, ये तो सुहैल है," खालून रहीमभाई म्हणाले. "मेरे वालिद दिखाते थे."

मला तो पांढरा दिसला. खरं सांगायचं तर मला तो पांढरा दिसायलाच हवा होता, कारण तसं शाईने लिहून झालं होतं. बाबा मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले.

"पिवयी झाक हाये," ते म्हणाले.

"बाबा, पुस्तकात पांढरा लिवला हाये."

"पुस्तकानं इथून पाह्यला काय?"

तुम्हीच सांगा, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीने पुस्तकावर विश्वास ठेवायचा की बापावर? मी 'पांढरा' खोडायला तयार नव्हते आणि ते पांढऱ्याखाली सही करायला तयार नव्हते. दोघेही एकाच मातीचे. वही अकरा सह्यांनिशी गेली. मॅडमनी रिकाम्या रकान्याचं कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मार्क दिले, पण त्या रिकाम्या जागेशेजारी लाल शाईने दोनच शब्द लिहिले: पुन्हा पाहावे.

मी पुन्हा पाहिलं नाही. पुढच्या हंगामात जिनात रंग मोजायचं मशीन आलं आणि बाबांनी काम सोडलं. मी शिकले, नोकरीला लागले. आज मी नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात, प्रयोगशाळेत, तसल्याच मशीनवर पिवळेपणा मोजते. बाबा दर वेळी विचारतात, "काय म्हनते तुही मशीन?" आणि उत्तर ऐकायच्या आत हसतात.

म्हणून दवाखान्यात त्यांनी वही मागितली तेव्हा मला आधी मजाच वाटली. मग डॉक्टर आले. तरुण, घाईत, बोलायला गोड. "मोतीबिंदू जुना होता, काका. बरीच वर्षं मुरत आलेला. अशा डोळ्याला सगळं पांढरं पिवळट दिसतं. आता बघा कसं लख्ख दिसेल. दुसरा पण करून टाकू महिन्याभरात."

डॉक्टर गेले. बाबांनी ट्रेमधला कापसाचा बोळा उचलला. डावा डोळा झाकून पाहिला. मग उजवा झाकून पाहिला. मग परत डावा. बोळा तोच होता. नव्या डोळ्याला पांढरा, जुन्याला पिवळा. हे त्यांनी किती वेळ केलं असेल कोण जाणे. आई म्हणाली, "खेळ काय लावला?" त्यांनी बोळा पुन्हा डोळ्यासमोर धरला, आणि मला एकदम त्यांच्या मनातलं सगळं कळलं.

संध्याकाळी त्यांनी ते बोलून दाखवलं. "म्या किती लोकायच्या मालाले पिवया म्हनलं असन, पोरी. आन् पिवया माहा डोयाच होता."

"डॉक्टर बरीच वर्षं म्हनले बाबा. बरीच म्हंजे किती, कोनाले माहीत?"

"थेच तं पाह्याचं हाये." ते उठून बसले. "रुई गेली, गाठी गेल्या. त्याचे कपडे होऊन फाटले बी असतीन. नमुना एकच उरला. माह्या शेवटच्या सालातला. थो तसाच असन ना वरतं?"

"तसाच असन."

"मंग नव्या डोयानं पाहू. पांढरा दिसला, तं तवा माहा डोया गेलाच होता. पिवया दिसला, तं नाई."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी साफ नाकारलं. आईने समजावलं, मी समजावलं. "जुना नमुना कोनी मोडते काय?" एवढंच म्हणायचे. जुन्या डोळ्याने कापूस कसा दिसतो, हे ताडून बघायला त्यांना तो डोळा तसाच हवा होता. एका डोळ्याने चालायचे, जिन्यावर ठेचकाळायचे, पण हटायचे नाहीत.

महिनाभर डोळ्यांत धूळ जायला नको होती, म्हणून फेब्रुवारी संपत येईपर्यंत थांबलो. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. मी प्रयोगशाळेत मशीनसमोर बसून मनात उत्तरं तयार करत होते. पांढरा दिसला तर काय सांगायचं? हवा बदलली म्हणून सांगू? तारा बदलला म्हणून? मॅडमनी शिकवलेलं सगळं खोटं पाडून टाकायची माझी तयारी होती.

शनिवारी अंजनगावमार्गे अकोट. पानमळे तेच, गारवा तोच. बाबा काळा चष्मा लावून ओट्यावर तयार बसलेले, मफलर तोच. रहीमभाई अजून त्याच जिनात आहेत, आता दाढी पूर्ण रुईसारखी झाली आहे. त्यांना काय चाललं आहे ते सांगितलं. ते बाबांना म्हणाले, "साहब, जिन बंद कर दूँ क्या?"

"नाई, चालू पाह्यजे. तवा लाइन जाईपावतर चालूच होती ना? धूळ तेवढीच पाह्यजे. दिवे तेवढे बंद करा."

बाबा चढले. सत्तरीचा माणूस, एक डोळा नवा, एक जुना, दोन पावलं वर आणि एक आत. मी खालून ढकलत होते, रहीमभाईंचा नातू वरून ओढत होता, आणि मध्येच बाबा कंबरेपर्यंत कापसात बसले आणि हसायला लागले. त्यांच्या हसण्याने मलाही हसू फुटलं. बाई गं, किती वर्षांनी आम्ही दोघं असे हसलो! कापूस कोमट होता. वास तोच, माती, पाला, घाम.

वर पोचल्यावर त्यांनी खिशातून दोन कागदाचे तुकडे काढले. एक मला दिला. "बोलाचं नाई. पाह्यचं, खाली जाऊन लिवाचं."

दिवे गेले. या वेळी घरघर चालूच होती. दक्षिणेला, धुळीच्या थरात, अगस्त्य होता.

मी बघितलं. मला भीती वाटत होती की त्या वर्षी मी पांढरा बघितला तसा आज मी पिवळा बघेन, कारण मला तो पिवळा हवा होता. म्हणून मी मान वर करून आधी त्याच्या वर उंच असलेल्या व्याधाकडे बघितलं, पहिल्या वेचणीच्या मालाकडे. मग पुन्हा खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. काळ्या पट्टीवर दोन नमुने शेजारी ठेवावेत तसे. क्षितिजाजवळचा उजेड किती हवेतून आणि किती धुळीतून गाळून येतो, हे मॅडमनी दुपारी दोनच्या तासाला समजावलं होतं, आणि मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. फक्त डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

खाली उतरलो. रहीमभाईंनी ऑफिसातला दिवा लावला. आम्ही एकमेकांकडे पाठ करून लिहिलं आणि चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. रहीमभाईंनी दोन्ही एकदम उघडल्या. माझा कागद त्यांनी आधी वाचला, मग बाबांचा.

दोन्हींवर एकच होतं. पिवळी झाक.

बाबा खुर्चीवर बसले. नव्या डोळ्यातून पाणी आलं, जुन्यातूनही आलं. "डोयात धूळ गेली," ते म्हणाले, आणि रहीमभाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. शेवटच्या सालापर्यंत त्यांचा डोळा शाबूत होता. मला तेव्हा ओरडून सगळ्या अकोटला सांगावंसं वाटलं.

मी पिशवीतून वही काढली. लाल शाईतले मॅडमचे दोन शब्द अजून तसेच ठळक होते. मी 'शुभ्र पांढरा' वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: पिवळी झाक. तारीख आजची घातली. बाबांनी वही उजेडात धरली, मान तिरकी केली, माझं अक्षर तपासलं, आणि शेवटच्या रकान्यात सही केली. सही तीच, आधीच्या अकरांसारखी.

मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "त्या डाक्टरले फोन कर. दुसरा डोया बी करून टाक म्हना. आता नमुन्याचं काई काम नाई."